यादीतली द्राक्षं

कुत्र्याला काय द्यायचं नाही याची यादी मी माझ्या हाताने लिहून फ्रिजवर लावली होती. चॉकलेट, कांदा, लसूण, चहा-कॉफी, कोंबडीची शिजवलेली हाडं, द्राक्षं. आईला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून काळ्या स्केचपेनने, ठळक अक्षरांत. आई सातवीपर्यंत शिकली, पण लिहिलेल्या शब्दाला ती माझ्यापेक्षा जास्त मान देते. यादी लागल्यापासून द्राक्षांच्या मोसमात ती पलंगावर बसून, दार लावून द्राक्षं खायची, एखादं खाली पडलं तर ते सापडेपर्यंत दार उघडायची नाही. तरीही आमचा कुत्रा द्राक्षांनीच गेला. हे मला त्याच्या जाण्याच्या तीन दिवस आधी कळलं आणि मी ते आईला वर्षभर सांगितलं नाही. तिला मी दुसरंच कारण सांगितलं होतं. ते तिने खरं धरलं, आणि पुढे जे झालं त्याला मीच जबाबदार आहे.

घरात आम्ही दोघीच. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका कंपनीच्या गेटवर बसायचे, ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अंधेरीला एमआयडीसीत एका निर्यात कंपनीत कागदपत्रांचं काम करते, आठवड्यातले दोन दिवस घरून. लग्न केलं नाही. त्याबद्दल सगळ्या नातेवाइकांचं जे काही बोलायचं होतं ते बोलून झालेलं आहे, त्यामुळे त्या आघाडीवर शांतता आहे. भांडुपची आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि नवव्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. इमारतीचं काम चालू असताना सिमेंटच्या गोण्यांमागे एका गावठी कुत्रीने पिल्लं घातली होती. आम्ही चावी घ्यायला गेलो त्या दिवशी त्यातलं एक तांबूस पिल्लू आईच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरलं. आई त्याला म्हणाली, तू खंय चललंस, आणि त्यानंतर आठ वर्षं तो आमच्याकडेच होता.

डॉक्टरांच्या फाइलवर त्याला एक चांगलं नाव होतं, मी ठेवलेलं. आई त्याला मेल्या म्हणायची. मालवणीत ही शिवीच आहे, पण ज्याच्यावर जीव आहे त्यालाच ती घालतात, मलाही लहानपणी भरपूर मिळाली आहे. तो दोन्ही नावांना यायचा. मेल्याला जरा लवकर यायचा.

कुत्रा पाळणं म्हणजे काय याची आम्हाला दोघींनाही काडीची कल्पना नव्हती. पहिल्या वर्षी आम्ही त्याला दूध-पोळी घातली आणि त्याचं पोट सतत बिघडलेलं असायचं. मग डॉक्टरीणबाईंनी दूध बंद करून बिनमिठाचा भात आणि उकडलेली कोंबडी सांगितली. आईला बिनमिठाचं अन्न कोणाच्याही पानात वाढणं हा अपमान वाटायचा, म्हणून ती आधी माझी नजर चुकवून चिमूटभर मीठ घालायची. त्याचे केस गळायला लागले की ती त्याला खोबरेल तेल चोळायची. तो ते चाटून काढायचा, त्याने त्याला जुलाब व्हायचे, मग आई म्हणायची की याला नजर लागली. पावसाळ्यात कानात घाण साचून वास यायचा, तो डोकं झटकत बसायचा. मी कापूस आणि औषध घेऊन बसले की तो पलंगाखाली जायचा, आणि आईने हाक मारली की तिच्या मांडीत डोकं घालून निमूट कान साफ करून घ्यायचा. गोचीड काढायचं काम माझं. आई त्याचा पंजा धरून बोटांच्या बेचक्या दाखवायची आणि एक राहिली, एक राहिली, असं म्हणत मला उठू द्यायची नाही. त्याची नखं कापायला मात्र आम्हाला दोघींनाही कधी जमलं नाही.

पण खरी अडचण त्याच्या तोंडाची होती. रस्त्यावर दिसेल ते तो उचलायचा. मटणाचं हाड, वडापावचा तेलकट कागद, एकदा तर चपलेचा अंगठा. मी जबडा उघडून बोटं घालून काढायची, तोवर निम्मं पोटात गेलेलं असायचं. मग आमच्या दोन इमारती पलीकडचा एक कुत्रा उंदरांसाठी ठेवलेला कणकेचा गोळा खाऊन मेला. ते ऐकल्यावर मी शिकवणाऱ्या माणसाला बोलावलं. तो दोन रविवार आला. सिट, स्टे, लीव्ह इट, असं सगळं इंग्रजीत. कुत्रा त्याचं ऐकायचा. आई लिविट म्हणाली की तो तिच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसा बघायचा. तो माणूस म्हणाला की शब्द कुठलाही चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरला पाहिजे आणि तो कधी बदलता कामा नये.

शब्द आईने दिला. तिच्या माहेरी पानं वाढून झाली की घरातल्या मोठ्या माणसाने जेवा म्हटल्याशिवाय कोणी भाताला हात लावत नसे. मुलंबाळं, पाहुणे, सगळे थांबायचे. आई म्हणाली, मग ह्यानेही थांबायचं. आमच्या घरातलाच आहे ना.

तेव्हापासून जेव हा त्याचा शब्द झाला. मी जमिनीवर बिस्किट ठेवायचे आणि वर तळहात. त्याने नाक खुपसलं की मूठ घट्ट. तो कंटाळून मागे सरकून बसला की हात बाजूला घ्यायचा आणि म्हणायचं, जेव. दोन महिने लागले. मग हात न ठेवता, मग आपण स्वयंपाकघरात जाऊन, मग बिस्किटाच्या जागी कोंबडीचा तुकडा, मग खाली रस्त्यावर. आई मुद्दाम जास्त वेळ लावायची. त्याची लाळ फरशीवर टपटप गळायची आणि ती आपली निवांत शेंगा सोलत बसलेली. शेवटी मलाच राहवायचं नाही. त्याने आमचे दोनच आवाज ओळखले होते. शेजारच्या बायका गंमत म्हणून त्याच्यासमोर काहीतरी धरून जेव जेव म्हणायच्या आणि तो मान वळवून आमच्याकडे बघायचा. आई तेव्हा अशी काही हसायची की माझ्या दहावीच्या निकालालाही हसली नव्हती. रस्त्यावरचं उचलणं पूर्ण बंद झालं. मला वाटलं, आता याला काही होत नाही.

आमच्याकडे श्रावणात सत्यनारायण असतो. चाळीत होतो तेव्हा प्रसाद पुरायचा नाही, दारातून बायकांची रांग असायची. टॉवर झाल्यावर निम्मे लोक घरं विकून बदलापूर-विरारकडे गेले, आणि नवे आलेले दारं लावून बसतात. आईचं माप मात्र चाळीतलंच राहिलं. सव्वाच्या हिशोबाने रवा, तूप, साखर, दूध, केळी, आणि वर काजू, वेलची, बेदाणे. प्रसादात तिला हात आखडता घेतलेला खपत नाही. त्या वर्षी माणसं आली मोजून अकरा, आणि दुपारी पातेल्यात शिरा निम्म्याहून जास्त शिल्लक होता. फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी दगड होतो. मी म्हटलं, वॉचमनला देऊ. त्याला आधीच दोन द्रोण दिले होते. प्रसाद टाकूचो नसता, आई म्हणाली, आणि एक मोठी वाटी भरून कुत्र्यासाठी काढली.

दरवर्षी त्याला चमचाभर मिळायचा. त्या दिवशी वाटीभर. आणि मी दारातून बघत होते, आई पातेल्यात चमचा फिरवून कडेचे फुगलेले बेदाणे वेचून त्याच्या वाटीत वर घालत होती. मी विचारलं, ते कशाला. ती म्हणाली, त्याका बेदाणे आवडतत. तिने वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि तेवढ्यात दाराशी कोणीतरी निघालं म्हणून त्यांना हळदीकुंकू लावायला गेली. तो वाटीसमोर बसून राहिला. मी ऑफिसच्या फोनवर होते. न्हावाशेव्याला अडकलेल्या एका कंटेनरचं काहीतरी चाललं होतं, आता आठवतही नाही काय ते. तो आधी आईच्या दिशेने बघत होता, ती परत येईना तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मी फोनवर हात ठेवून म्हटलं, जेव.

संध्याकाळी त्याला उलटी झाली. आम्हाला नवल वाटलं नाही, एवढं तूप पोटात गेल्यावर होणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी परत दोनदा. आईने ताकभात कालवला, ओव्याचं पाणी पाजायचा प्रयत्न केला. तो पाणी भरपूर प्यायचा आणि खाण्याकडे बघायचा नाही. मी अंधेरीला निघून गेले. तिसऱ्या दिवशी तो सकाळी फिरायला उठलाच नाही. आईने सांगितलं की काल दुपारपासून त्याने लघवी केलेली नाही. आम्ही त्याला रिक्षात घालून मुलुंडला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्याचं डोकं आईच्या मांडीवर होतं आणि तोंडाला एक विचित्र वास येत होता.

रक्त तपासायला घेतलं. आईला गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही म्हणून ती बाहेर बाकावर बसली. मी आत. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, परत बघितला आणि मला विचारलं, "द्राक्षं, मनुका, बेदाणे असं काही पोटात गेलंय का याच्या?"

मी लगेच म्हटलं, द्राक्षं शक्यच नाही, आमच्या यादीत आहेत ती. थोड्या अभिमानाने म्हटलं. पुढचे दोन शब्द मला तेव्हा कुठे ऐकू आले.

बेदाणे म्हणजे वाळलेली द्राक्षं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेतल्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण आमच्या घरात द्राक्षं फळवाल्याकडून यायची आणि बेदाणे वाण्याकडून. द्राक्षं टोपलीत असायची आणि बेदाणे वेलचीच्या शेजारी, डब्यात. द्राक्षं कोणी शिऱ्यात घालत नाही आणि बेदाण्यांना कोणी फळ म्हणत नाही. इंटरनेटवर इंग्रजीत जी यादी होती तिच्यात दोन्ही एकाच ओळीत होतं. मराठीत लिहिताना मी म्हटलं, द्राक्षं लिहिलं की झालं. यादी आटोपशीर दिसावी म्हणून एक शब्द मी गाळला.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या की सगळ्याच कुत्र्यांना होतं असं नाही, काहींना काहीच होत नाही, पण कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही. कमी खाल्ले तरी एखाद्याची किडनी बंद पडते. त्याच दुपारी आणला असता तर उलटी करायला लावून पोट रिकामं करता आलं असतं. आता सलाइन लावू आणि लघवी सुटते का बघू. मी विचारलं, नाही सुटली तर. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मी बाहेर आले. आईने विचारलं, "काय म्हणाली गो?"

भिंतीवर एक तक्ता लावलेला होता, उंदरांपासून होणाऱ्या रोगाचा. साचलेल्या पाण्याचं चित्र, पाण्यात उंदीर, बाजूला कुत्रा. आई त्या तक्त्याच्या बरोबर खाली बसली होती. तिच्या मांडीवर त्याचा पट्टा होता आणि ती त्याच्यावरचे केस एकेक करून काढत होती. मला तिची ती वाटी दिसली, वर वेचून घातलेले बेदाणे दिसले. देवाच्या प्रसादाने तो मरतोय हे या बाईला मी कुठल्या तोंडाने सांगू, असं मला वाटलं. मी म्हटलं, लेप्टो झालाय. उंदराच्या मुतामुळे होतो. त्याने किडनी जाते.

ती म्हणाली, लस दिली होती ना. मी म्हटलं, लस घेतली तरी कधी कधी होतो. खोटं बोलायला एकदा सुरुवात केली की पुढचं आपोआप सुचत जातं, ते मला त्या दिवशी कळलं. मी परत आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगून आले की आईसमोर बेदाण्यांचं काढू नका. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं असावं असं वाटलं नाही.

पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सलाइन. उरलेला वेळ तो स्वयंपाकघराच्या दारात जुन्या सतरंजीवर पडून असायचा. मी रजा घेतली होती. आई सिरिंजने त्याच्या गालात पाणी सोडायची, ओल्या फडक्याने तोंड पुसायची. तिला वाटायचं अंगात ताकद आली की रोग उतरेल, म्हणून त्याने खावं याचाच तिने ध्यास घेतला. भात, कोंबडीचं पाणी, मऊ केलेलं बिस्किट, काय काय त्याच्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, जेव. तो डोळे उघडून तिच्याकडे बघायचा. शेपूट एकदा हलायचं. मान उचलायचा, वाटीपर्यंत न्यायचा आणि खाली ठेवायचा. शिकल्यापासून त्याने तो शब्द कधी वाया जाऊ दिला नव्हता. आई परत म्हणायची, जेव रे, मेल्या, जेव. मग तिचा धीर सुटायचा आणि ती त्याला ओरडायची. नाटकं करू नकोस, सरळ खा म्हणते ना, एवढ्या मेहनतीने केलंय. तिसऱ्या दिवशी तिने एक घास बोटाने त्याच्या ओठांच्या आत लावला आणि तो तसाच बाहेर आला, तेव्हा तिने वाटी आपटली आणि देवासमोर जाऊन बसली. मी खिडकीत उभी होते. मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प होते.

त्याच दुपारी चारच्या सुमारास तो गेला. मी त्याचा पुढचा पाय हातात धरून बसले होते, आई चहा टाकत होती. श्वास दोनदा लांबला आणि मग पुढचा आलाच नाही. मी आईला हाक मारली. तिने गॅस बंद केला, ओट्यावरचं सांडलेलं पुसलं आणि मगच वळली. त्याला आम्ही तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पुरायला नेलं. तिकडून आल्यापासून मेल्या हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकलेला नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही.

मला वाटलं होतं, दुःख होईल, हळूहळू कमी होईल. कुत्रा आजाराने गेला, कोणाचा दोष नाही, असं म्हणून ती सावरेल. यासाठीच तर मी खोटं बोलले होते. पण त्या खोट्याला तिने फारच मनावर घेतलं. लिफ्टमध्ये भेटेल त्याला ती लेप्टोबद्दल सांगू लागली. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गोंधळ उडाला. पिंजरे लागले, औषधं फवारली गेली, दोघांनी आपापली कुत्री गावी पाठवली. तुमच्या आईंमुळे सगळे जागे झाले असं सेक्रेटरी मला म्हणाले, तेव्हा मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आई रोज जिन्यात फिनेल टाकायची. खिडकीत चिमण्यांना तांदूळ टाकायची ते तिने बंद केलं, दाण्यांना उंदीर येतात म्हणून. आणि तिने खाली जाणं सोडलं. आधी गुडघ्यांचं कारण सांगायची, मग उन्हाचं, मग कारण सांगणंही बंद झालं. खालच्या बाकांवर रोज संध्याकाळी तिच्या वयाच्या बायका बसतात. त्या मला विचारायच्या. मी वयावर ढकलायचे. सत्तरीला ते सहज चालून जातं.

पुढचा श्रावण आला. ही गोष्ट गेल्या वर्षीची. एका रविवारी सकाळी ती पालेभाजी निवडत होती आणि मी विचारलं की पूजेला कुठला दिवस धरायचा, भटजींना सांगायला हवं. ती म्हणाली, पूजा नको. मी म्हटलं, का. ती देठं खुडत राहिली. मी परत विचारलं तेव्हा म्हणाली की तिला पाटावर बसवणार नाही. तिच्या हातून पाप झालंय.

मला वाटलं, हिला कुठून तरी कळलं.

कळलं नव्हतं. ती खाली बघत सांगू लागली. पूजेच्या चार दिवस आधी, मी अंधेरीला गेलेली असताना, दुपारी ती त्याला खाली घेऊन गेली होती. मागच्या बाजूला जाऊ नकोस असं मी तिला बजावून ठेवलं होतं, पण तिकडे सावली होती. पंपाच्या खोलीपाशी पाणी साचलं होतं. त्याने त्यात तोंड घातलं. पट्टा तिच्या हातात होता. ओढला असता तर तो मागे आला असता, पण गुडघ्यात कळ होती आणि तिला वाटलं, पिऊ दे, घोटभर पाण्याने काय होतंय. तिने मला ते सांगितलं नाही. मी ओरडेन म्हणून सांगितलं नाही. मग मी दवाखान्यातून बाहेर येऊन उंदराचं नाव घेतलं आणि तिच्या डोक्यावरचं तक्त्यातलं पाणी तिने बघितलं. तेव्हापासून ती जागा दिसू नये म्हणून ती खाली गेली नव्हती. वर्षभर.

मी ओरडेन म्हणून ती बोलली नव्हती आणि तिला लागेल म्हणून मी बोलले नव्हते. दोघी एकाच घरात, एका फ्रिजच्या दोन बाजूंना. मला माझाच राग आला. मग मी तिच्या हातातली जुडी काढून घेतली आणि सांगितलं. पाण्याचा काही संबंध नाही. लेप्टो नव्हता झाला त्याला. ते मी तुला खोटं सांगितलं. शिऱ्यातले बेदाणे. बेदाणे म्हणजे द्राक्षंच. यादीत लिहायला मी चुकले. तू वाटी ठेवलीस, पण तो खात नव्हता, थांबला होता. जेव मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत होती. तिला समजलं नाही असं वाटून मी परत सांगायला लागले, तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं.

"तुला कधी कळलं?"

"दवाखान्यातच. तू बाहेर बाकावर होतीस तेव्हा."

"म्हणजे तो होता तेव्हा."

"हो."

"तीन दिवस होता त्यानंतर."

मी मान हलवली. ती रडेल असं मला वाटलं, देवाला बोल लावेल असं वाटलं, मला बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. तिने यातलं काही केलं नाही. फरशीवर पडलेली पानं गोळा करून तिने ओच्यात घेतली.

"माका तेव्हाच सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर मी त्याची माफी तरी मागितली असती. मी त्याला ओरडत बसले. आता कोणाची मागू गो?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसून होते.